अर्धा हंडा

राहनाळ, भिवंडी
४ ऑगस्ट २०२४

प्रिय मेघाली,

जुलमी राज्यात वाढलेली एखादी मुलगी सकाळी डोळे उघडल्यावर सगळ्यात आधी काय करते? मला उत्तर येत नाही. गेला आठवडाभर हा प्रश्न घेऊन मी गोडाऊनला ड्युटीवर जाते आणि तसाच घेऊन परत येते.

नीट सांगते. ठाण्याहून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाने नवीन लेखकांसाठी कथास्पर्धा ठेवली आहे. विषय आहे 'जुलमी राजवटीतली तरुण पिढी'. मी लगेच लिहायला बसले. नाव नसलेलं एक शहर घेतलं. चौकाचौकात तिथल्या अधिपतीचे पुतळे, संध्याकाळी भोंगा वाजला की रस्ते रिकामे, पुस्तकांवर बंदी. पाच मित्र एका तळघरात जमून चोरून वाचतात आणि शेवटी भोंगा वाजल्यावर मुद्दाम चौकात येऊन उभे राहतात. त्यांना गोळ्या घालतात. लिहिताना मी रडले. दुसऱ्या दिवशी वाचलं, तर त्यातलं एकही पोर मला कधी भेटल्यासारखं वाटेना. मग लायब्ररीतून अशा दोन-तीन कादंबऱ्या आणल्या. त्यातली पोरंही अशीच, शूर आणि देखणी. म्हणजे माझं चुकतंय, की सगळ्यांचंच?

गोष्ट सोबत पाठवते. माझ्या घरात वाचून मत देईल असं कुणी नाही, तुला माहीत आहे. बाबा पानं हातात घेतात, जरा वजन केल्यासारखं करतात आणि म्हणतात, "बेस हाय." आई म्हणते, मोठ्याने वाच, आणि दुसऱ्या पानाला झोपते. सध्या तर तीही सोय नाही. मी नवीन स्थळ बघायला नकार दिला म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. माठावरचा तांब्या पालथा घालून ठेवला आहे.

काल ऑफिसात कुणीतरी विचारलं, तुझ्या मामेबहिणीने कॉलेज का सोडलं? मी म्हटलं, सोडलं नाही, गावकीने सोडायला लावलं. तो म्हणाला, गावकी म्हणजे? मी सांगितलं, देवळासमोर सहा पुरुष बसतात आणि अख्ख्या गावाने कुणाशी बोलायचं ते ठरवतात. शेजारच्या दिपालीने लूमवर काम करणाऱ्या, दुसऱ्या जातीच्या मनोजशी कोर्टात लग्न केलं, तर तिच्या आईला वाळीत टाकलं आणि गावातल्या सगळ्या मुलींचे मोबाईल काढून घेतले, कॉलेज बंद केलं. तो हसला. "हे अजून असतं?" मला त्याच्या हसण्याचा इतका राग आला, आणि नंतर वाटलं, मी तरी तुझ्यासाठी काय केलं?

पत्र बायजाबाईच्या पाटीतून येईल. ती नाक्यावर भाजी विकून तुमच्या गावाला परत निघताना म्हणाली, "न्हेतंय खरी तुमच्या चिठ्ठ्या. पन मला धरली, तर नाक्यावर माझी पाटी कोन उतरवील गो?"

खरं मत कळव.

तुझी,
उन्नती


घरातून, ११ ऑगस्ट

उन्नतीताई,

पत्र उरलेल्या मेथीच्या जुडीत होतं. आईने जुडी सोडायला घेतली तेव्हा मी अशी झडप घातली की तिला वाटलं विंचू निघाला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ती पाण्याला जाते.

गोष्ट दोनदा वाचली. रागावू नको हां. तुझ्या पोरांना भूक लागत नाही का? पाच जण तासन् तास तळघरात बसतात आणि कुणाला लघवीला होत नाही. आणि तळघर असतं कुणाकडे? आमच्याकडे लपायला एक संडास आहे, तिथेही बाहेरून हाका येतात. पोरं बोलतातही केवढं मोठं! 'अंधार कितीही दाट असला तरी' ह्याच्या पुढे मला वाचवेना. इथे कुणी असं बोललं तर आम्ही आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघू.

आणि तुझी पोरं हसत नाहीत. ताई, आम्ही फार हसतो. शेतात गवत काढताना मी गावकीतल्या केसरीनाथकाकांची नक्कल करते. पान थुंकायचं, धोतर सावरायचं आणि म्हणायचं, "ह्यो गावच्या इज्जतीचा सवाल हाय." पोरी चिखलात बसून हसतात. मग संध्याकाळी तेच काका समोरून येतात आणि आम्ही सगळ्या ओढण्या सारख्या करतो. कुणी सांगितलेलं नसतं. तुझ्या शहरात भोंगा सांगतो, पुतळा सांगतो, शिपाई सांगतो. इथे सांगायला कुणी लागतच नाही.

आता एक लिहिते, ते गोष्टीत घालायचं नाही. दिपालीची आई, आपली रूपाकाकी, हल्ली नळावर एकटी येते. भरलेला हंडा डोक्यावर चढवायला दुसऱ्या बाईने हात लावावा लागतो. तिला हात लावायला कुणी नाही. म्हणून ती हंडा अर्धाच भरते, तेवढा तिला एकटीला उचलता येतो. दुप्पट खेपा घालते. दिपाली आणि मी एका बाकावर शिकलो. काकीच्या हातची भाकरी मी माझ्या आईच्या हातच्या भाकरीइतकीच खाल्ली आहे. आणि मी तिथेच, हाकेच्या अंतरावर, बघत उभी असते. रोज. तुझ्या शूर पोरांना हे जमायचं नाही.

पण हे गोष्टीत नको. तो काकीचा हंडा आहे.

मेघाली

आत्याला सांग, स्थळ बघते म्हणून. नाही आवडलं तर चहा तरी होतो.


राहनाळ, २५ ऑगस्ट

प्रिय मेघाली,

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला. मग मी तळघर काढून टाकलं. मग पुतळे काढले. भोंगा काढताना मात्र जीवावर आलं, तोही गेला. आता फारसं काही उरलं नाही, एक मुलगी आहे आणि ती पाण्याला जाते. तिथून पुन्हा लिहिते आहे. तुला दिलेला शब्द पाळणार, काकीचा हंडा त्यात येणार नाही. जे घालीन ते माझ्याच घरातलं, माझ्याच डोक्यातलं.

पण एक विचारू? तू एकदा हात का लावत नाहीस? फक्त एकदा. कुणीतरी सुरुवात केली की दुसरी पुढे येईल, मग तिसरी. वाळीत टाकणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, त्याचा वेगळा कायदा आहे. मी तो पूर्ण वाचला आहे. आपण तक्रार करू शकतो. मी तुझ्याबरोबर चौकीत येईन.

घाई करत नाही. पण विचार कर.

तुझी,
उन्नती


घरातून, १५ सप्टेंबर

उन्नतीताई,

उशीर झाला. बायजाबाई गणपतीत बसलीच नव्हती नाक्यावर.

तू म्हणतेस, एकदा हात लाव. तू राहनाळातून म्हणतेस. इथे एक हात लावला तर तो एका हाताचा राहत नाही. भाविकदादाचं लग्न मार्गशीर्षात आहे. आमचं घर वाळीत पडलं तर दादाच्या मांडवाला मेढी रोवायला कोण येईल? स्वयंपाकाची मोठी भांडी गावकीची, ती मिळणार नाहीत. आणि मुलीकडचे तेवढ्यावर थांबतील का? मोडतील. आई हे दिवसातून एकदा तरी म्हणते, आणि ती खोटं म्हणत नाही.

कायदा काकांनाही माहीत आहे. म्हणून तर 'वाळीत' हा शब्द ते तोंडातून काढत नाहीत. म्हणतात, "ज्याला बोलायचं न्हाय त्याच्यावर जबरदस्ती हाय का?" आता ह्यावर तक्रार काय लिहिशील?

गणपतीत रूपाकाकीने एकटीने आरती केली. भिंतीला भिंत, सगळं ऐकू येतं. आमच्या घरात सगळे गप्प. एका कडव्यापाशी ती अडली. रडत होती की विसरली, कळलं नाही. मी आईकडे बघितलं. ती चुलीपाशी होती आणि तिचे ओठ हलत होते. पुढची ओळ म्हणत होती, आवाज न करता. मी बघतेय हे लक्षात आलं तशी म्हणाली, "माझ्या तोंडाकडं काय बघतंस, भात बघ."

असलं गोष्टीत घालता येतं का? ह्यात कुणीच काही करत नाही.

मेघाली


राहनाळ, १३ ऑक्टोबर

मेघाली, मेघाली!

दुसरा नंबर आला. अंक माझ्या हातात आहे. 'उन्नती' हे नाव छापलेलं बघून बाबांनी पानावरून बोट फिरवलं आणि बोटाला शाई लागते का ते पाहिलं. आई बोलायला लागली!

तू वाचावीस म्हणून मी पानांचे फोटो काढून मामाच्या फोनवर पाठवले आहेत. मामा लगेच म्हणाला, "आमच्या खानदानात पयली लेखक." त्याच्याकडून फोन मागून घे आणि वाच. तुझ्यामुळे झाली ती गोष्ट. अर्धा हंडा त्यात कुठेही नाही, शोधून बघ. शिक्षा झालेल्या घरातली बाई पाण्याला आली की त्या शहरातल्या बायका आपापली भांडी पालथी घालतात, एवढंच घेतलं आहे. आपल्याकडे घरोघरी बायका रागावल्या की घालतात तसं. शेवटी ती मुलगी सगळ्यांसमोर आपलं भांडं सरळ करते, आणि मग एकेक करून सगळ्या करतात. परीक्षकांनी ह्या शेवटाचं खास कौतुक केलं आहे.

परवा धामणकर नाक्यावर दिपाली भेटली. पोट दिसायला लागलंय. "आई बरी हाय का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. हंड्याचं सांगितलं नाही.

आई दरवर्षीसारखी भाऊबीजेला तुमच्याकडे येणार आहे. ह्या वेळी मीही येते.

तुझी,
उन्नती


घरातून, २७ ऑक्टोबर

ताई,

बाबांनी तुझे फोटो आले तसे गावच्या ग्रुपवर टाकले. न वाचता. 'माझी भाची.' सगळ्यांनी फुलं पाठवली, केसरीनाथकाकांनीही हात जोडले. दोन दिवस बाबा छाती काढून फिरत होते. मग कुणीतरी तिसऱ्या पानापर्यंत पोचलं.

ताई, ते पालथं भांडं तू कुठून आणलंस? ते घरोघरी नसतं. ते फक्त आमच्या गावात आहे. वाळीतली बाई नळावर आली की बाकीच्या हंडे पालथे घालतात आणि ती जाईपर्यंत तसेच ठेवतात. मी तुला हे कधी लिहिलं नव्हतं. लपवलं म्हणून नाही. ते इतकं रोजचं आहे की लिहायचं सुचलंच नाही. आता सगळे म्हणतात, मीच कळवलं. नाहीतर राहनाळच्या पोरीला कसं ठाऊक? खरंच, तुला कसं ठाऊक?

भाऊबीजेला देवळासमोर बैठक आहे. तुला बोलावलंय. तू म्हणायचं की गोष्ट खोटी आहे, आणि तुला सांगितलं कुणी त्याचं नाव घ्यायचं. नाही आलीस तर पुढचं घर आमचं. मुलीकडच्यांपर्यंत कुणकुण गेली आहे. त्यांचे फोन येत होते ते बंद झाले. दादा मला म्हणाला, "तुला लिहायला हात शिवशिवत होते ना, आता माझं लग्न पन लिव." बाबा माझ्याकडे बघत नाहीत. दोन दिवस मला खोलीबाहेर सोडलेलं नाही. हे पत्र आईनेच बायजाबाईकडे दिलं, काय आहे ते न विचारता.

तुझ्या गोष्टीत सगळ्या बायका भांडी सरळ करतात. कुणी करत नाही गं. मला काय व्हावं असं वाटतं तेही आता कळत नाही. मी शूर नाही, ताई. माझ्यासाठी खोटं बोल. पण चांगलं बोल, तुझ्या पहिल्या गोष्टीसारखं नको.

मेघाली


राहनाळ, ६ नोव्हेंबर

प्रिय मेघाली,

बैठकीच्या वेळी तुला आत कडी लावून ठेवलं होतं. बाहेर काय झालं ते तुला घरात कुणी नीट सांगणार नाही. म्हणून मी सांगते, काही न वाढवता.

तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ह्या वेळी ती झोपली नाही. 'पालथं भांडं कुठून आणलंस' इथे आले तेव्हा ती उठली, माठावरचा तांब्या हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत बसली.

"ह्यो मी घालते," ती म्हणाली. "इतकी वर्सं राहनाळात काढली. हितं कोन पालथा घालत न्हाय. माझ्या ध्यानातच आलं न्हाय कधी, मी त्यो माहेरून संगती आनला."

मी खोटं जुळवून ठेवलं होतं. सांगायचं की हे एका जुन्या पुस्तकात वाचलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. "पुस्तकाचा त्यांना काय इस्वास? मी सांगते, माझ्याकडनं गेलं."

"मग तुला माहेर राहणार नाही."

"मेघालीला घर ऱ्हाईल."

ओवाळायचं ताट तिने तरीही पिशवीत भरलं. निरांजन, सुपारी, सगळं.

देवळासमोर केसरीनाथकाकांनी आधी फराळाची चौकशी केली. "ये कमळा, बस. चकली झाली का औंदा?" मग माझ्याकडे वळले. "तुझी पोर लई शिकली गो. आमच्या पान्याची गोष्ट केली तिनं. आम्हीच येडे, आम्ही नुसतंच पितो." लोक हसले. मामा पंचांच्या शेजारी बसला होता, तो हसला नाही.

मी बोलायला उभी राहिले. मेघाली, मला एकही मोठं वाक्य सुचलं नाही. मला लघवीला लागली होती. तुझं बरोबर होतं. मी फक्त म्हटलं, गोष्ट माझी आहे, मेघालीने काही कळवलेलं नाही. काका म्हणाले, "मंग सपनात आलं व्हय?"

तेव्हा आई उठली. "भांडं पालथं घालायला मी ह्याच नळावर शिकले," ती म्हणाली. "परकरात होते तवा, माझ्या आयेच्या बाजूला उभी ऱ्हाऊन. पोरीनं माझं बघून लिवलं. माझ्या भाचीला ह्याच्यात ओढू नका." आम्ही ठरवलं होतं ते इतकंच होतं. पण ती खाली बसली नाही. "आनि गोष्ट खोटी न्हाय," असं म्हणाली.

काकांनी पान थुंकलं. "आमी कुनाला काय म्हनत न्हाय," ते म्हणाले. "ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. तुळशीराम, तुझी बहीन लांबून आली. पानी दे तिला."

मामा उठला. घरातून भरलेला तांब्या घेऊन आला. आईच्या समोर उभा राहिला. मला वाटलं तो देईल. खरंच वाटलं, अगदी शेवटपर्यंत. त्याने खाली वाकून तांब्या पालथा घातला. पाणी वाहत आईच्या पावलांपर्यंत आलं. ती मागे सरकली नाही. भाऊबीजेचं ताट पिशवीतच राहिलं.

तुमचं घर वाचलं. भाविकचं लग्न होईल. आम्हाला आवतण येणार नाही, आणि आमच्याशी जो बोलेल त्याच्या घराचं काय होईल ते तुला माहीत आहे. ताईने मला सोडवलं आणि आत्याला बुडवलं, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणते. मी कायदा वाचला होता, कादंबऱ्या वाचल्या होत्या, स्वतःच्या घरातला तांब्या मला वाचता आला नाही. आई कामं करते, जेवते, बोलत मात्र नाही. माठावरचा तांब्या सरळ आहे.

बायजाबाई म्हणते, हे शेवटचं. तिलाही गावात राहायचं आहे. म्हणून उत्तर लिहू नकोस. पुढे कधी कुठे नळावर, बाजारात समोर आलोच, तर हातात असेल ते भांडं पालथं घाल. पटकन घाल, कुणाला अडखळलेली दिसू नकोस. मी त्याचा वेगळा अर्थ काढणार नाही.

अंक छापून गेला, त्यातला शेवट आता मला बदलता येत नाही.

एक राहिलं. आम्ही एसटीच्या थांब्याकडे निघालो ती वाट नळावरून जाते. रूपाकाकी पाणी भरत होती. बाकीच्या बायकांचे हंडे पालथे होते. ते तिच्यासाठी होते की आता आमच्यासाठी, कळायला मार्ग नव्हता. बायकांत तुझी आईही होती. काकीने हंडा अर्धा झाल्यावर सवयीने नळ बंद केला.

मी म्हटलं, "काकी, भरू द्या."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आईने पुढे होऊन नळ सोडला. पाणी काठाला येईपर्यंत आम्ही तिघी तिथे उभ्या होतो. काकीने चुंबळ डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. मग मी एका बाजूने हात लावला, आईने दुसऱ्या बाजूने, आणि हंडा तिच्या डोक्यावर चढवला.

भरल्या हंड्याची तिची सवय मोडली होती. ती जरा डगमगली, थोडं पाणी खांद्यावर सांडलं. मग चालू लागली.

तुझी,
उन्नती